काळी चार

पावसाळा सरला की कॅम्पातल्या चर्चची पेटी माझ्याकडं येते.
भात्याला उंदरांनी भोक पाडलेलं असतं,
काळी चार दाबली की घशात कुसळ अडकल्यासारखी खरखर.
यंदा पेटी जड म्हणून मीच गेलो.
स्क्रू काढत होतो, तर पास्कोल मास्तर म्हणाले,
"भरमू, ऱ्हाऊ दे ते. हे ऐक."

तबकडी जुनी. आधी नुसती चरचर, तेल तापल्यासारखी,
मग तिच्यातून कुणीतरी वर आलं.
बाई नव्हे.
पोर नव्हे, पोराच्या छातीत एवढा वारा मावत नाही.
मी पाना खाली ठेवला.

मास्तर सांगत होते, अधूनमधून चहा ओतत :
तिकडं देवळात बायकांनी गायचं नाही, असा नेम,
आणि देवाला तर उंच सूर पाहिजे.
मग गरिबाघरची आठ-नऊ वर्षांची पोरं बघायची,
गरम पाण्यात बसवायचं, अफू द्यायची, आणि एक न्हावी.
कुणी विचारलं तर सांगायचं, घोड्यावरनं पडला,
रानडुकरानं धरला.
शंभरातला एखादा नाटकात राजा व्हायचा,
लोक ओरडायचे, सुरी चिरायू होवो!
बाकीचे गावोगावच्या देवळांत, लांब हातापायांचे, थकलेले.
शाळेत त्यांना ऊबदार खोली मिळायची.
कुणाचं लेकरू गेलं की पांढरे पंख लावून
त्याच्या उशाशी रात्रभर बसवायचे, देवदूत म्हणून.

"आणि कायद्यानं," मास्तर म्हणाले,
"मागणी पोरानंच करायची. तसा अर्ज असायचा."

अर्ज.

हिरण्यकेशी संगीत मंडळीत मी रुक्मिणी होतो.
तेरा वर्षांचा. खडीसाखर, जेष्ठमध, आणि मालकाचा हात डोक्यावर.
निपाणीत तंबाखूच्या वखारीत प्रयोग, सगळं गाव शिंकत होतं,
आणि तार षड्जावर माझा गळा
कच्च्या बांबूसारखा उभा चिरला.
पहिल्या रांगेत हसू फुटलं.
दुसऱ्या अंकाला रुक्मिणीचं लुगडं दुसऱ्याच्या अंगावर.

संकेश्वरच्या बैलबाजारात मुक्काम पडला तेव्हा
मालक पान जुळवत म्हणाला,
"ह्यालाबी बडवून घेऊया की, आवाज टिकंल."
सगळे हसले. तबलजी तर पडायचाच राहिला.
मी नाही हसलो.

रात्री मी बाजारात गेलो.
बैल बडवणारा सिद्रामा कंदिलापाशी भाकरी खात होता,
शेजारी त्याचा लाकडी चिमटा, तेल पाजून काळा झालेला.
मी म्हणालो, मला करा.
पैसे नाहीत, पण नाकातली नथ आहे, कंपनीची.
त्यानं आधी कानडीत काहीतरी विचारलं, मग मराठीत,
मग परत कानडीत, स्वतःलाच.
अर्धी भाकरी मोडून माझ्या हातात दिली.
म्हणाला, "त्या खोंडाजवळ बस जा."

दुपारीच बडवलेला खोंड. उभा होता, बसत नव्हता.
हळद लावलेली. माश्या उठवायलाही शेपूट हलवत नव्हता.
मी भाकरी पुढं केली, त्यानं हुंगली, घेतली नाही.
पहाटे कंपनीच्या गाड्या हुक्केरीकडं गेल्या,
मला कुणी उठवलं नाही.
नथ सिद्रामानं मालकाला पोचवली की विकली, माहीत नाही.
पेटीचं काम मी पुढं शहापुरात शिकलो.

तबकडी संपली. सुई रित्या जागेत फिरत राहिली.
मास्तरांनी ती उचलली नाही. "काय वाटलं?"

एवढ्या वर्षांत हे कुणाला सांगितलं नव्हतं.
त्या दिवशीही नाही.

म्हणालो, "सूर चढाय थोडा. यंत्र जोरात फिरत असंल."
मग काळी चारची पट्टी काढली,
भिंगाखाली धरली.
बारीक चीर होती, केसाएवढी.
घासून बघितलं. बदलावीच लागणार.