मोकळी

शेवटची फेरी संपवून हेल्टरमाच्या धक्क्याला बोट बांधली
तेव्हा आईचा फोन. एवढंच म्हणाली,
"मुस्तिकस अडली आहे. येताना तेल आण."

मुस्तिकस म्हणजे काळी कोंबडी.
इथल्या रानात ऑगस्टात मिळणाऱ्या निळ्याकाळ्या बेरीचं नाव तिला,
उन्हात पिसं तशी चमकतात म्हणून.
पण ऊन कुठलं आता. नोव्हेंबर.
चार वाजता दिवस मिटतो या बेटावर.

खुराड्याच्या कोपऱ्यात ती उभी होती,
ताठ, पंख ओघळलेले,
पुढचं वाक्य विसरलेल्या म्हाताऱ्या पाद्र्यासारखी.
दांडीवर बाकीच्या तिघी झोपल्या होत्या
तिच्याकडे पाठ करून.
आईनं पोटाखालून बोटं फिरवली,
पिशवीत तळाशी गेलेली किल्ली चाचपावी तशी.
"आहे. इथंच आहे. कालपासून असणार."

मी म्हणालो, बारा युरोची कोंबडी,
आणि कॅर्डलाचा डॉक्टर दारात उभं राहायचेच सत्तर घेतो.
आणि कुऱ्हाड... पण ते वाक्य मी पुरं केलं नाही.
आई म्हणाली, "सौना पेटव."

मग बर्चची लाकडं, ओली निघालेली, तीन काड्या फुकट.
धुरानं काळ्या झालेल्या भिंती,
जस्ताच्या टबात कोमट पाणी, मूठभर मीठ,
आणि त्यात छातीपर्यंत बुडालेली कोंबडी
न फडफडता बसलेली,
शाईसारखी पाण्यात पसरत गेलेली.

कोंबडीची पापणी खालून वर मिटते.
हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.

आई याच फळीवर जन्मली.
पूर्वी बायका इथंच बाळंत व्हायच्या, धुरात, उबेत.
चव्वेचाळीसचा सप्टेंबर. खाडीत एक मासेमारी नाव,
स्वीडनला निघालेली, तिच्यात
आजीचे दोन भाऊ, त्यांची बायकापोरं, एक शिवणयंत्र,
आणि आजीसाठी राखलेली हातभर जागा.
आजी दीड दिवस अडली होती.
नाव रात्री दोनला गेली.
आई सहाला आली.

हे ती सांगते तेव्हा
हवामान सांगितल्यासारखं सांगते.
आज तेही सांगितलं नाही.
तेलात बोट बुडवलं, करंगळी,
आणि माझा हात पोटावरून बाजूला केला.
"ढकलायचं नाही, तार्मो. आत फुटलं तर संपलं.
वाट करून द्यायची, आणि वाट पाहायची."

दोनदा पाणी बदललं.
दोनदा टॉवेलात गुंडाळून शेगडीशी धरली.
तिचं काळीज माझ्या तळहातावर
पत्र्यावरच्या गारांसारखं.
एक वाजून गेला असेल,
तिनं मान लांब केली, एक आवाज केला
जो मी कोंबडीचा म्हणून कधी ऐकला नव्हता,
आणि टॉवेलात काहीतरी उतरलं.

अंडं, पण कवच नाही.
ओल्या पाकिटासारखं, एका बाजूनं चेपलेलं, ऊन ऊन.
"मोकळी झाली," आई म्हणाली,
आणि कितीतरी वेळानं पाठ भिंतीला टेकली.
ऐंशी वर्षांची बाई, नाकावर काजळी.

हिवाळाभर मुस्तिकसनं एकही अंडं दिलं नाही.
आई रोज टरफलं भट्टीत वाळवते,
खलात कुटते, तिच्यापुढे ठेवते,
ती इतरांआधी खाते, आणि काही देत नाही.
मी हिशेब विचारत नाही.

बोटीवरचं माझं काम दोर सोडण्याचं.
रात्रीच्या शेवटच्या फेरीला, लांब पाइनच्या वळणावर,
कुणाच्या तरी गाडीचे दिवे घाईनं येताना दिसले
की हल्ली माझी बोटं मंद होतात.
वरून कप्तान ओरडतो, काय झालं?
गाठ अडली आहे, म्हणतो मी.