अडीच वाजेपर्यंत

त्यांच्याकडे संध्याकाळचे पाच
म्हणजे आपल्याकडे दुपारचे अडीच.
ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलंय :
शुक्रवारी पाचपर्यंत कळवावे.

मे महिन्यातल्या नागपुरात अडीच वाजता
कुणी काही ठरवत नसतं.
प्रतापनगरच्या चौकात रसवंतीवालासुद्धा
ओला दुपट्टा तोंडावर घेऊन
बाकड्याखाली झोपतो.

पर्थपासून आत सहाशे किलोमीटर
लाल मातीच्या एका गावात सोन्याची खाण आहे.
जमिनीखालचे नकाशे काढणारी बाई हवी आहे त्यांना.
पगाराचा आकडा मी आधी रुपयांत केला,
आणि घरात कुणालाच सांगितला नाही.
त्या रात्रीपासून
कूलरचा आवाज मोठा वाटायला लागला.

आई विचारत नाही.
आई फक्त कुरोड्या जास्त घालते आहे यंदा.
गच्चीवर दोन जुनी लुगडी भरून.
माणसं तीन, कुरोड्या दहा जणांच्या.
"इतक्या कशाला?"
"राहतात डब्यात. वर्षभर काही होत नाही त्यांना."
तिथल्या विमानतळावर डबे उघडायला लावतात म्हणे,
हे मी तिला सांगितलेलं नाही.

भूपेशदादा बेसा रोडला राहतो.
नऊ किलोमीटर.
पोळ्याला येतो, दिवाळीला येतो,
गाडी सुरू ठेवूनच आईला हाक मारतो.

चिंचमलातपुरे काकू म्हणाल्या,
"पोरीनं जवळ असावं बाई, पोरांचं काही खरं नाही."
त्यांच्या पोरी तिन्ही बंगळुरूला.

बाबांना मी सोमवारी सांगितलं.
त्यांनी कपाटातून खाणीतली जुनी पट्टी काढली,
दादाचा शाळेतला ॲटलास काढला,
चष्मा कपाळावर सरकवून मोजलं.
"साडेसहा सेंटिमीटर," म्हणाले,
"येवढंच तं आहे."

रात्री गच्चीवर, खाटा लावून झाल्यावर,
कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाले,
"मनसरची खाण किती लांब होती?
पंचेचाळीस किलोमीटर.
दर शनिवारी घरी येत होतो मी.
तू पहिल्यांदा चालली ना, हर्षा,
तो मंगळवार होता."

हे जा म्हणणं होतं की नको जाऊ,
मी विचारलं नाही.
त्यांनी उशी उलटली,
थंड बाजू वर घेतली
आणि पाठ फिरवली.

आज शुक्रवार. पावणेदोन.
दोन उत्तरं लिहून ठेवली आहेत.
दोन्हीत आभार सारखेच,
दोन्हीत 'कुटुंब' हा शब्द एकदाच,
एकात कारण म्हणून,
दुसऱ्यात पाठिंबा म्हणून.

"कूलरमध्ये पाणी टाक बाई," आतून आईचा आवाज.
हे काम माझंच, अकरावीपासून.
मागे जाऊन पाहते तर
कूलरच्या पत्र्यावर खडूनं एक रेघ,
बाबांच्या नकाशातल्या अक्षरात :
'पाणी इथवर. आधी बटण बंद.'
खाली पंपवाल्याचा नंबर,
मोठाल्या आकड्यांत,
आईला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या.

मी अजून हो म्हटलेलं नाही.
यांनी माझ्यावाचूनचा उन्हाळा
आखायलाही घेतला.
राग आला. मग कशाचा आला ते कळेना.
रेघ पुसायला बोट नेलं
आणि नुसतंच टेकवून ठेवलं.
पत्रा तापलेला होता.

टाकीचं पाणी या वेळी उकळतं असतं.
नळ सोडायचा, थोडं वाहू द्यायचं,
मग हात लावायचा, असं बाबांनीच शिकवलेलं.
नळ सोडून उभी आहे.
फोन खिशात आहे.
एक बादली तुळशीला गेली, एक अंगणाला,
तिसरी भरत आली.

अजून गरमच येतंय.