विरजण

माघातल्या गारा. लाडखेडच्या शाळेच्या पत्र्यावर
आधी एक, मग मोजणं सोडलं.
पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात अडकलेली एक
रुमालात धरून करवतीच्या पात्यानं चिरली:
कांद्यासारखे पदर, दुधी, काचेचा, पुन्हा दुधी,
मधोमध खसखशीहून बारीक काही करडं.
की मला तसं वाटलं.

वर, वजा पंधरालाही, पाणी पाणीच राहतं.
गोठायचं असतं त्याला,
कशावर, ते सापडत नाही.

खिचडी उतरवून देवकाबाई ठोंबरे म्हणाल्या,
"मंग विरजणच हाये थे.
अन् लय पडलं त?"
कण फार झाले तर पाणी वाटलं जातं, सांगितलं,
बर्फाची चिल्लर होते,
ढग भरलेला राहतो, पडत नाही.

"वर कुठून जाते पण थे?"

मी बोट दाखवलं नाही.
परवापर्यंत थ्रेशर तुरीचं भुसकट उडवत होतं,
मैदान तर त्यांनीच झाडलं होतं सकाळी.

अर्धी गार त्यांनी तळहातावर घेतली, ठिपक्यासकट.
"कोनाच्या वावरातलं असन,"
म्हणाल्या, आणि वितळेपर्यंत
वास घेत उभ्या राहिल्या.