नऊ अँपिअर

नाना पेठेत मुनाफभाईंनी जुनी बॅटरी
काट्यावर ठेवली. पावणेतीन किलो,
त्याचे दोनशे वजा.
"पाचची नको. खाचेत बसते म्हणून काहीही घेऊ नका,
हिला नऊचीच लागते."
मग, पावती फाडताना, "गाडी रोज निघते ना?"

हो म्हणाले.

रविवारी धायरीच्या पार्किंगमध्ये कव्हर काढते.
टर्मिनलवर पांढरी बुरशी दिसली तर
गरम पाण्यानं पुसते, व्हॅसलीन लावते,
आधी लाल, मग काळी.
सेल्फ मारते. गाडी जागीच धडधडते
आणि शेवडे खिडकी लावून घेतात.

उभ्या उभ्या भरत नाही ती, रस्त्यावर काढावी लागते,
हेही म्हणाले होते मुनाफभाई.

वॉरंटी कार्डावर नाव श्रीरंगचं, सही माझी.
अठ्ठेचाळीस महिने.
लायसन्स काढायला
पुरतील.