मखमल

काच घासायची ती एकाच दिशेने.
परत येताना हात उचलायचा.
हे मला जसुबेननी शिकवलं,
फतेगंजच्या या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेल्या.
मखमल मात्र माझ्या घरची:
दत्तूकाकाच्या बँडच्या कोटाची कॉलर.
दांडिया बाजारातल्या किती वरातींचा घाम तिच्यात.

दोन काचांमध्ये केसाहून बारीक फट.
तिच्यात ओढला जातो तो द्रव,
पाण्यासारखा वाहणारा आणि तरी शिस्तीचा:
त्याचे लांबोडके रेणू
मखमल जिकडे गेली तिकडे लवून राहतात.

मग त्यात सिलिकाचे मणी.
मिठाचा कण यांच्यापुढे डोंगर.
प्रत्येक मण्याचा एकच हट्ट,
माझ्याकडे सरळ तोंड करा.
रेणू करतात. साळिंदराचे काटे जसे.
पण लांबच्या रेणूंची दिशा वेगळी,
आणि दोघांचं पटवता पटवता
मण्याच्या कुशीला एक ठिपका उरतो
जिथे कुणाचंच तोंड कुठेच नाही.

मणी तो ठिपका टाकत नाही.
दुसरा मणी येतो तो त्याच ठिपक्याशी टेकतो,
आपला ठिपका पुढे धरून.
मग तिसरा.
दोरा नाही, सुई नाही,
मी नुसती बघत होते.

मे. दुपारी दोनला लाइट गेली.
सूक्ष्मदर्शक यूपीएसवर राहिला, एसी नाही.
खोली तेहतीस, चौतीस,
आणि पस्तिसाच्या आसपास
सगळे रंग एकदम विझले.
वरचा पोलरायझर काढला तेव्हा दिसलं:
मणी होते. नुसते होते.
शाळा सुटल्यासारखे, कुणाचं कुणाशी काही नाही.

"रेवाबेन, पाणी पी लो," जसुबेन म्हणाल्या,
आणि वहीने वारा घालत बसल्या, मला की काचेला कोण जाणे.

चार दहाला एसी घरघरला.
रंग आले, आधी थेंबाथेंबाने, मग लोटभर.
मणी सरकू लागले. रांग झाली.

एक मणी जरासा टवका उडालेला,
तेवढाच मला ओळखू येतो.
मघाशी तो अगदी टोकाला होता,
वरातीत काका असायचा तसा,
क्लॅरिनेट घेऊन, मागे फक्त जनरेटरची गाडी.

आता तो मधोमध होता. वहीत तसं लिहिलं,
वेळ घातली,
आणि मखमल कागदात गुंडाळली.