मूळ प्रत

सीबीएससमोरच्या दुकानात, झेरॉक्सच्या काचेखाली
मी माझं जर्मन विसरून आले.
पर्समध्ये तीन छायाप्रती, अजून कोमट,
आणि मूळ प्रत तिथेच पालथी,
तो हिरवा उजेड अंगावर घेत.
असं आपलं मी म्हणते. बघितलंय कुणी?

दुकानदार म्हणाला, ताई, दिवसाला हजार कागद.
तरी त्याने रद्दीचं पोतं उलटं केलं माझ्यासमोर:
अर्धवट उमटलेले सातबारे,
कुणाचा जातीचा दाखला, कान कापलेलं आधार कार्ड,
एका न जन्मलेल्या बाळाची काळी सोनोग्राफी.
मी गुडघ्यांवर बसून एकेक कागद सोडवला,
चिकटलेलं ड्रेसिंग सोडवावं तसा.

अकरा महिने लागले होते त्याला.
डायलिसिसच्या चार तासांत, मशीन फिरत असताना,
तीन नंबरच्या खाटेवरचे निमसे काका
मोकळ्या हातात वही धरून माझे शब्द तपासायचे.
डेर, डी, डास.
डास, ते म्हणायचे, हा एक मला पक्का येतो,
रात्रभर असतो आमच्या मखमलाबादला.
'हो'ला तिकडे 'या' म्हणतात कळलं तेव्हा खूश झाले:
चांगली दिसतात माणसं, कुणालाही बोलावतात.
'दुखतंय का' हे मी त्यांच्यावरच शिकले.
ते मान हलवायचे, नाइन, नाइन,
आणि दुखत असायचं.

निकाल आला तेव्हा त्यांनी कागद मागून घेतला,
शिक्क्यावरून अंगठा फिरवला, म्हणाले,
यात आम्हाला किती मार्क?
गणपती बसले त्या आठवड्यात
मी तीन नंबरची चादर बदलली.

पुण्याहून फोनवर: दुसरी प्रत सहा आठवड्यांनी.
मुंबईची तारीख एकोणीसची.
एजंट म्हणाला, मॅडम, झेरॉक्सवर
कुणी विमानात बसवत नाही.
नवऱ्याने गादीखाली पाहिलं, गॅसच्या पुस्तकात पाहिलं,
सापडलं ते लेकीचं पोलिओचं कार्ड.
तेच हातात घेऊन बसला बराच वेळ.

सरकारवाडा पोलीस ठाण्यात
हवालदार पगारे लिहून घेत होते.
वस्तू? कागद.
रंग? पांढरा, कडेला हिरवी रेघ.
किंमत?
मी गप्प.
त्यांनीच टाकलं, शून्य.
काय होतं त्यात?
मला जर्मन येतं, असं.
पेन थांबलं. मग आता येत नाही का?
टोमणा नव्हता. खरंच विचारत होते.

येतं, मी म्हणाले.

त्यांनी शिक्का मारला, ओल्या शाईवर फुंकर घातली,
पोच माझ्याकडे सरकवली.
मी उठले. म्हणाले, येते.
मान वर न करता ते म्हणाले,
या.