आडवा चार

बर्स्लममध्ये माझी खोली वरच्या मजल्यावर.
खाली मिसेस ब्रिंडली, वय शहाऐंशी.
कपांच्या काठांवर सोन्याची रेघ ओढण्यात
तिची चाळीस वर्षं गेली,
मातीच्या कारखान्यात, फिरत्या चाकापाशी.
"ब्रश हलवायचा नसतो," ती म्हणते,
"नुसता धरायचा. कप आपणहून येतो."

मी दोन तारे फिरवते.
विद्यापीठाच्या संगणकावर, रात्री,
रांगेत माझा नंबर लागला की.

अंथरूण पाहून पाय पसरावेत खरं,
पण ताऱ्याचं अंथरूण
शेजाऱ्याच्या वजनावर ठरतं.
थोरला म्हातारपणी फुगतो, लाल होतो,
पाऊल बाहेर पडतं
आणि मग त्याला आवरता येत नाही.
धाकट्याच्या ओंजळीत इतकं ओततो
की ओंजळ, हात, धाकटा,
सगळंच त्याच्या अंगरख्यात बुडून जातं.

बाहेरून बघाल तर एकच तारा.
आत दोघांची फुगडी.
अंगरखा विरळ, या खोलीतल्या हवेहूनही विरळ,
तरी अंगाला घासतो, ओढून धरतो.
प्रत्येक फेरी मागच्या फेरीच्या आतून.
जवळ येताना जे सुटतं
ते पांघरुणाला लाथ मारतं.

किती दिवस चालतं हे?
कुणी म्हणतं वर्षभर, कुणी म्हणतं हजार वर्षं.
आभाळाच्या हिशेबात दूध उतू जायला लागतो
तेवढाच वेळ,
आणि ओट्यापाशी नेमकं कुणी नसतं.

सुटलेल्यातलं किती खरंच कामी आलं?
तिथे आम्ही एक अक्षर लिहितो, अल्फा.
माझ्या वहीत तो ओळीवर आडवा पडलेला
मराठी चार दिसतो.
माहीत नाही, असं सभ्यपणे म्हणण्याची
ती आमची रीत.

एक्केचाळीस वेळा फिरवलं.
पांघरूण फुगतं, वर जातं,
लोंबकळतं,
आणि परत खाली यायला लागतं.

काल गारठा होता. बॉयलर बंद पडला होता.
मिसेस ब्रिंडली म्हणाली,
"मला आणि विनीला मिळून एकच कोट होता.
कामाला लागलो ते पहिलं वर्ष.
एक बाही तिची, एक माझी,
पहाटे साडेसहाला उतारावरून खाली.
पायात पाय. रोज भांडण."
मग?
"मग कालव्याच्या पुलावर पाठीची शिवण उसवली.
वरपासून खालपर्यंत."
मग?
"मग काय! थंडी वाजत होती.
आणखी चिकटून चाललो."

विनी समोरच राहते, सतरा नंबरात.
दोघी एकमेकींना फोन करत नाहीत.
रात्री नऊला हिचा पडदा सरकतो,
मग तिचा.
मला ते ठाऊक आहे, कारण माझं कामच ते:
उरलेल्या जोड्या मी तशाच ओळखते.
दर साडेतीन तासांनी
एक दुसऱ्याआड जातो, उजेड थोडा उतरतो,
परत चढतो.
अंगरखा कुठे गेला, विचारायची सोय नाही.
कधी आसपास धूसर कडं असतं,
कधी तेही नसतं.
आणि कधी जोडीच नसते,
दोघे मिळून एक होऊन बसलेले असतात,
आणि ते कुणाला कळतही नाही.

आज एक गोष्ट बदलली.
पांघरूण वर जाता जाता निवतं,
भटकलेले इलेक्ट्रॉन आपापल्या अणूत परततात,
येताना थोडी ऊब सोडतात.
ती ऊब मी आजवर मोजलीच नव्हती.
पुरेल का, माहीत नाही.
बेचाळिसावी फेरी. रांगेत एकोणिसावा नंबर.

खाली जाऊन कप विसळते.
काठावरच्या रेघेत एका जागी
सोनं जरा जाड आहे.
"जोड," मिसेस ब्रिंडली मागून म्हणते.
"जिथून निघालीस तिथेच पोचायचं असतं,
आणि कळू द्यायचं नसतं.
हा एक चुकला. म्हणून घरी आणला."